निर्दोष

शाहपुरात कोणाकडे बारसं असलं की मांडे करायला सोजरबाईला बोलावणं यायचंच. उलट्या खापरावर तिच्याइतका पातळ मांडा टाकणारी दुसरी बाई त्या गल्लीत नव्हती. त्या दिवशीही शेजारच्या लीलाधरच्या परसात ती सकाळपासून चुलीपुढे बसली होती. ओसरीवर पाळण्याची गाणी सुरू झाली, तशी पदराला हात पुसत ती उठली. दारातच तिची सासू धुरपदाबाई उभी.

"कुठी चालली व? पाळण्यापाशी तुह्यं काय काम?"

"लांबूनच पाहते, आत्याबाई."

"नको पाहू. लोकाच्या लेकराले तुही दीठ लागली त मले गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही."

सोजर परत चुलीपुढे बसली. तिच्या हातचे मांडे सगळ्यांना गोड लागायचे, सावली मात्र कोणाला चालत नव्हती. लग्नाला बरीच वर्षं लोटली होती, पण कूस उजवली नव्हती. अंगारे झाले, उपास झाले, भगताने पोटावर डागही दिले. शेवटी तिनेच नवऱ्यामागे लकडा लावला, आणि यादव तिला घेऊन बऱ्हाणपुरात, लालबागेतल्या डॉक्टर शारदाबाईंकडे गेला.

शारदाबाई नागपूरला शिकलेल्या. त्यांनी दोघांनाही तपासलं. आधी यादवला आत बोलावून त्या बराच वेळ बोलल्या. मग सोजरला म्हणाल्या, "तुमचं गर्भाशय, बीजकोश, गर्भनलिका, सगळं निर्दोष आहे हो."

एवढ्या सगळ्या शब्दांत सोजरच्या ओळखीचा एकच होता, दोष. तिचा चेहरा पडला. पण तेवढ्यात बाहेर अडलेली एक बाळंतीण आली आणि शारदाबाई तिकडे धावल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत तिने विचारलं, "काय सांगतलं हो बाईनं?"

आपल्या वीर्यात मूल होण्याजोगं काहीच नाही, हे यादव नुकतंच ऐकून आला होता. तो माणूस तसा वाईट नव्हता. खरं सांगून टाकायला त्याला ती अख्खी वाट होती. पण बैलांच्या पाठीकडे पाहत तो म्हणाला, "तुनंच ऐकलं ना? दोष म्हने. तुह्या पिशवीतच दोष हाये."

सोजरने मान खाली घातली. डॉक्टरीण बोलली, नवरा बोलला, मग आणखी कोणाला विचारायचं?

पुढच्या वर्षी घरात सवत आली. आपल्या मुलखात तेव्हा दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. तापीकाठच्या जैनाबादची आशा, नुकती कुठे न्हाण आलेली पोर. सोजर महिनाभर तिच्याशी बोललीच नाही. पण केळीच्या बागेत चिकाने डागाळलेलं लुगडं पाहून पोर सासूच्या धाकाने रडायला लागली, तेव्हा सोजरने ते स्वतः घासून दिलं. त्या दिवसापासून आशा तिला अक्का म्हणायला लागली.

आशालाही दिवस गेले नाहीत. धुरपदाबाईच्या जिभेला नवं खाद्य मिळालं. "एक वांझ होती, दुसरीबी तशीच निंघाली!"

सोजरच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एकदा धीर करून ती यादवला म्हणाली, "आम्हा दोघीतबी दोष कसा असंन?" उत्तरादाखल थोबाडीत बसली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

आणि मग धुरपदाबाईने कुठल्याशा गावची सुईण आणली. पिशवीचं तोंड उघडायला म्हणून तिने कसल्याशा मुळीची काडी आत घातली. आशाच्या किंकाळ्या गल्लीभर ऐकू गेल्या. यादव ओसरीवरच होता. एका शब्दाने तो हे थांबवू शकत होता. तो उठला आणि बागेत निघून गेला.

दोन दिवसांत आशा तापाने फणफणली, पोट फुगलं. सोजरने कोणाला विचारलं नाही. लीलाधरची गाडी जुंपायला लावून तिने पोरीला लालबागेला नेलं. शारदाबाईंनी शर्थ केली. पण विष अंगभर भिनलं होतं. दुपार कलताना सोजरच्या मांडीवर आशा गेली.

नोंद करताना आशाच्या नवऱ्याचं नाव ऐकताच शारदाबाई चपापल्या. "यादवला तर मी स्पष्ट सांगितलं होतं! त्याने घरी सांगितलं नाही?"

"तुम्ही त मह्यात दोष सांगतला होता, बाई."

"निर्दोष म्हणाले होते. निर्दोष म्हणजे दोष नाही."



शारदाबाई सोजरसमोर जमिनीवर बसल्या. "मीच तुला कळेल असं सांगायला हवं होतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "ऐक. मूल व्हायला बाईचं बीज लागतं आणि पुरुषाचंही. पुरुषाच्या वीर्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जंतू असतात, त्यांना शुक्रजंतू म्हणतात. यादवच्या वीर्यात ते नाहीतच. माणूस धडधाकट दिसतो, संसारही करतो, पण त्याच्यापासून दिवस राहत नाहीत. यात त्याचा अपराध नाही. अपराध आहे तो लपवण्यात."

"म्हन्जे आशातबी काही..."

"तिला मी कधी तपासलं नव्हतं. पण तुझ्या नवऱ्याकडून कोणत्याच बाईला मूल झालं नसतं."

वर्षही उलटलं नाही तोच सुकलाल नावाचा एक गृहस्थ घर पाहायला आला. लेक यादवला द्यायचा त्याचा विचार होता. पहिली बायको असताना दुसरी करणं आता गुन्हा झालं होतं. पण कायदा दिल्लीत झाला होता, सोयरीक शाहपुरात जुळत होती. सोजर चहा घेऊन आली, कपबश्या ठेवल्या आणि आत न जाता तिथंच उभी राहिली.

"दादा, पोर देऊ नका. आम्ही वांझ नव्हतो. मूल होयाचं बीज यायच्यातच नाही. डॉक्टरीणबाईनं यायले सांगतलं होतं. यायनं लपवलं, अन् मही आशा मेली."

यादव हात उगारून धावला. सुकलालने त्याचा हात धरला.

"खोटं बोलते ती!" धुरपदाबाई ओरडली. "सांग रे यादव, खोटं हाये म्हन!"

यादवने खाली पाहिलं. म्हातारी एकदा त्याच्याकडे, एकदा सुनेकडे बघत राहिली. सुकलालने चहाला हातही लावला नाही. टोपी घातली आणि तो चालता झाला.

त्याच दिवशी यादवने सोजरला घराबाहेर काढलं. तिची पावलं माहेराकडे वळली नाहीत. ती थेट जैनाबादला आशाच्या आईकडे, भागाबाईकडे गेली. वांझ लेक दिली म्हणून वर्षभर बोल खाऊन ती बाई वाकली होती. शारदाबाईंनी सांगितलं होतं ते सगळं सोजरने तिला साध्या शब्दांत सांगितलं.

"म्हन्जे यादवले हे पहिलेपासून मालूम होतं?" भागाबाईने विचारलं.

"हाव."

"मंग मही पोर कायले मेली व, माय?"

वाचकहो, याचं उत्तर तुम्हाला सुचत असेल, तर जैनाबादला जाऊन त्या आईला सांगून या.