लेथचा अभिषेक

नारळ फुटला आणि पाणी थेट लेथच्या बेडवर सांडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनी मात्र डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं भक्ती. मी बायको आहे, मला कळतं.

त्यावर मालक सेठ हरदयालजींनी पंचामृताचा गडू ओतला, मग कुंकू, मग अक्षता. विश्वकर्मापूजा म्हणजे झाशीच्या कारखान्यांतला मोठा सण. बायकामुलांनाही बोलावणं असतं, म्हणून मी प्रेमनगरच्या घरून नवं पातळ नेसून आले होते. आता बेड म्हणजे काय, ते इतकी वर्षं ऐकून मी तुम्हाला झोपेतही सांगेन. लेथचा लांबलचक बिडाचा कणाच तो, वरून गुळगुळीत घासलेला, त्याच्यावरून सगळं सरकतं. आणि बीड हे मोठं नाजूक प्रकरण. भाद्रपदातल्या दमट हवेत दही-पाणी रात्रभर राहिलं की सकाळी गंज चढलाच. वरवरचा निघतो. खोल गेला की खड्डे पडतात, आणि मग बेड कामातून गेला.

हे, म्हणजे विद्याधर, बावीस वर्षं त्या लेथवर होते. काम संपलं की आधी ब्रशनं लोखंडाचा कीस झाडायचा, मग रॉकेलचं फडकं, मग कोरडं, शेवटी तेलाचा पातळ हात. कोणी खरखरीत पॉलिश पेपर घेऊन जवळ आला तर हे असे बघत, की तो मुकाट्यानं कागद खिशात घाली. माझ्या तापात माझ्या कपाळावर एवढ्या हलक्या हातानं घडी ठेवली नसेल ह्यांनी.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी कानपूरहून इंजिनियर यायचा होता. लेथ जुना, सेठजींच्या मुलाच्या डोळ्यांत सलत होता. इंजिनियर बेड तपासणार, आणि खराब निघाला तर लेथ घणानं फोडून भंगारात, असं ठरलं होतं.

"मग पुसा की," मी हळूच म्हटलं.

"आज हात लावायचा नसतो."

"कोणी सांगितलं?"

ह्यांनी नुसती मान वळवली. तिकडे रामचरणदद्दा उभे होते, कारखान्यातले सगळ्यांत जुने मिस्त्री. त्यांच्या धाकट्या भावानं एका विश्वकर्मापूजेला मशीन चालवलं आणि त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून या दिवशी कोणी औजाराला शिवलं तरी दद्दांचे हातपाय कापतात. दद्दांना दुखवणं ह्यांच्या जिवावर येई. म्हणून हे प्रसादाचा द्रोण हातात धरून नुसते उभे. बुंदीचा दाणासुद्धा तोंडात टाकला नाही.

मला राग आला तो ह्यांच्या गप्प राहण्याचा. लग्नापासून हाच छळ आहे. मी पदर खोचला आणि दद्दांपुढे जाऊन उभी राहिले.

"दद्दा, आपके यहाँ भगवान को नहलाकर गीला ही छोड़ देते हैं क्या?"

"काए बाई, का कै रईं?"

"हमारे घर में देवपुसणं होता है, अलग कपड़ा. नहलाया, पोंछा, तेल लगाया, तब पूजा पूरी."

दद्दांनी विचार केला. मग म्हणाले, "पोंछबो पूजा में है, तो पुजारी पोंछै. मिस्त्री नईं."

आता आली पंचाईत. हे मूळचे पुजाऱ्याच्याच घरचे. मुलानं देवळातली पूजा पुढे चालवावी अशी सासऱ्यांची इच्छा. ह्यांनी लोखंड धरलं. दोघांचं बिनसलं ते असं, की सासरे गेले तेव्हाही अबोलाच होता. त्यानंतर ह्यांनी घरच्या देवाला कधी फूल वाहिलं नाही, मंत्र तर दूरच. दुखऱ्या जागेवर बोट ठेवतेय हे मला ठाऊक होतं. तरी मी ह्यांना म्हटलं, "मंत्र म्हणा. येतं तुम्हाला सगळं."

ह्यांनी चपला काढल्या, नळावर हातपाय धुतले. कारखान्यातलं फडकं दद्दांना चालेना, तर अंगातला नवा पांढरा सदरा काढून त्याची घडी केली आणि बनियनवर पुसायला लागले. मंत्राची एकेक ओळ यायला लागली, थेट सासऱ्यांच्या चालीत. मध्ये एकदा अडकले, थांबले, पुन्हा मागून धरलं. सांदीत बसलेल्या अक्षता नखानं काढल्या. तेलाची बुधली औजारांत मोडते, म्हणून समईतलं तिळाचं तेल लावलं. ते बिडावर चिकट होऊन बसतं, एरवी ह्यांनी लावू दिलं नसतं. पण प्रश्न एका रात्रीचा होता. दद्दा हात जोडून उभे होते. मला रडू आलं, सांगून टाकते.

घरी येताना हे म्हणाले, "मधली एक ओळ चुकली. बाबा असते तर चिडले असते."

"असते तर रडले असते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरनं पोलादी पट्टी बेडवर उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहिलं. कुठेच आला नाही, म्हणजे बेड अगदी सपाट. "बहुत बढ़िया रखा है," तो सेठजींना म्हणाला. "इसे तोड़ेंगे क्यों? कानपुर में कोई भी हाथोंहाथ ले लेगा."

विकायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. घणापासून वाचवलेला लेथ आठवड्याच्या आत विकला गेला. ह्यांनीच त्याला ग्रीस लावलं, मेणकागद बांधला आणि ट्रकवाल्याला तीनदा सांगितलं, "पानी मत लगने देना, भैया." सेठजींनी ह्यांना मान देऊन स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं. तिथं सगळी खोकीच खोकी.

ट्रक गेला त्या संध्याकाळी हे पावणेसहाला घरी आले. बावीस वर्षांत इतक्या लवकर कधी आले नव्हते. कारखाना सुटल्यावरचा एक तास लेथचा असायचा. दारात उभे राहून म्हणाले, "काही काम आहे का?"

मी गवार धुऊन ठेवली होती, ती निवडायला दिली. हे मांडी घालून बसले आणि एकेक शेंग पंचानं कोरडी करून ताटात ठेवायला लागले. गवार काही अशी पुसावी लागत नाही. पंचा ओला झाला तेव्हा मी दुसरा आणून दिला.