सहा वर्षांच्या मापाचा फ्रॉक

आमचं काम एकच, घरं सुटू द्यायची न्हाईत. भोकरकडच्या गरिबाची लेकरं जन्मापासून कशी वाढतात, याचा अभ्यास चाललाय. दर साली वजन, उंची, दंडाचं माप. घरं टिकावीत म्हणून साहेबांनी शोध लावला की वाढदिवसाला फ्रॉक न्यायचा. अहो, ज्या घरात थोरल्यांचाबी जन्मदिवस कुणाला ठावं न्हाई, तिथं आम्ही वाढदिवस नेऊन ठेवला! लेकरं मला पंचशीलाताई म्हणतच न्हाईत, फराकवाली मावशी म्हणतात.

चांगुणाची लुंबिनी तर मला लांबून बघितलं की अंगातला फ्रॉक काढून उघडीच उभी राहायची. नवा घालायला उशीर नको. लई गुणाची पोर.

औंदा चांगुणा आन तिचा नवरा पंढरी लेकीला घेऊन ऊस तोडायला निलंग्याकडं गेले. मी महिन्याला फोन लावायची, लुंबिनी कशी हाय म्हणून पुसायची. हाव ताई, बरी हाय, एवढंच चांगुणा बोलायची. वाढदिवसाला येते म्हणलं, तर म्हणली, या, लाल आणा.

यष्टीनं गेले, पुढं उसाच्या ट्रॅक्टरवर. चांगुणा झोपडीम्होरं भाकरी थापत होती. मी वजनकाटा मांडला आन पोरगी कुठाय म्हणून पुसलं. तिनं पिठाचा हात बांधाकडं केला. तिथं दगडं रचली होती.

दिवाळी सरताना ताप चढला म्हणे. टोळीचा मुकादम म्हणला, गाडी भरल्याबिगर कुणी हलायचं न्हाई. गाडी भरली, पंढरीनं लेक खांद्यावर घेतली, अन् सडक लागेस्तोवर सारं आटपलं.

माझं डोकंच फिरलं. मला बरी हाय, बरी हाय म्हणून सांगत होतीस व्हय? ताप आला तवा एक फोन लावता येत नव्हता? लई बोलले मी तिला, आन बोलता बोलता रडू फुटलं.

"तुम्ही मापताव, ताई," ती म्हणली. "दवा थोडीच देताव?"

खरंच होतं. 

"मग मागनं तरी का लपवलंस?"

"तिकडं गावात सिद्धरामाचं लेकरू गेलं, त्याच्यामागनं तुम्ही त्याच्या दारात कवा गेलाव? माझ्या लेकीला नाव घेऊन पुसणारं तुम्ही एकलंच हाव."

आमचा कायदाच तसा हाय. लेकरू गेलं की घर बंद. साहेबांना फोन लावला, तर वाईट झालं म्हणले, घर बंद करा, आन फ्रॉक परत आणा, दुसऱ्या घरी चालंल. काय माणूस म्हणावं का काय! मी फोन कापला.

चांगुणानं हात धुतले, पदराला पुसले आन फ्रॉक घेतला. वितीनं मापला, घडी घालून कपड्यांच्या गाठोड्यात तळाशी ठेवला. मी काटा उचलून निघाले, तवा ती सडकेपत्तुर आली.

"पुढच्या साली सातचा आणा, ताई. वाढती पोर हाय."

मी हाव म्हणले.