टेबल दोन सहमत नाही

"ओळख पक्की झाली ना काका? मग ही जुनी चिठ्ठी टाकून देते," नव्या मॅडम म्हणाल्या.

दातवाले काका ताडकन उठले. "हात लावू नका तिला!"

संग्रहालयाच्या तळघरात काकांनी तीस वर्षं एकच काम केलं. खाणीतल्या चुनखडीतून पुराणकाळच्या शार्कचे दात सोडवायचे आणि जात ओळखायची. टेबल दोन त्यांचं, टेबल एक बायकोचं. एकाने ओळखलेला दात दुसऱ्याने तपासल्याशिवाय कपाटात जात नसे. ती जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

या डबीतल्या नखाएवढ्या दातावरून नवराबायकोची काय जुंपायची म्हणून सांगू! दाताच्या बुडाशी दोन बारीक टोकं होती. काका म्हणत, "मोठ्या शार्कचं पिल्लू आहे. टोकं मोठेपणी जातात."

"अहो, पिल्लू कसलं? ही जातच बुटकी!"

जेवणाचे डबे उघडले की वाद सुरू. शेवटी तिने डबीतल्या याच चिठ्ठीवर लिहिलं, 'बहुधा वेगळी, लहान जात. टेबल दोन सहमत नाही.' खाली एक ओळ कोरी ठेवली. "ही तुमची. शहाणपण सुचेल तेव्हा भरा."

पुढे पुढे काकांना तिचं पटलंही होतं. पण कबूल केलं तर ती भांडणार कशावरून? म्हणून गडी हट्टाने गप्प राहिला.

आज सकाळी एका दगडातून तसेच सात दात निघाले, सोबत त्याच माशाचा मणका. मणक्यावर वर्षाला एक वर्तुळ वाढतं. काकांनी भिंगातून मोजली, सव्वीस भरली. म्हणजे चांगला जुनाजाणता मासा, आणि दात मात्र एवढासा. "अगं, ऐकलंस का!" म्हणत ते टेबल एककडे वळले आणि तसेच उभे राहिले.

"जुनी चिठ्ठी टाकत नाहीत मॅडम," ते आता हळू म्हणाले. "नवीच्या खाली ठेवतात."

"बरं, ठेवू या. पण ही ओळ कोरी कशी?"

काकांनी पेन उघडलं. 'टेबल दोन सहमत', त्यांनी लिहिलं आणि तारीख घातली.

"ती असती तर घरी पोचेपर्यंत छळलं असतं मला," ते म्हणाले. "छळायला हवं होतं हो."

मॅडमनी डबीसाठी कपाट उघडलं. काकांनी मान हलवली. डबी नेऊन त्यांनी टेबल एकवर ठेवली, तपासायला, आणि आपल्या जागेवर येऊन बसले.