कोणालाही न सांगता

पोलीस न्यायला आले तेव्हा मिस्त्री एका दवाखान्याच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये उकिडवे बसून लिफ्टच्या गिअरमधलं काळं तेल डब्यात काढत होते. आलेला हवालदार धापा टाकत होता. लिफ्ट मिस्त्रींनीच बंद ठेवल्यामुळे बिचाऱ्याला सहा मजले चढून यावं लागलं होतं.

"पाच मिनिटांचं काम आहे," तो दाराच्या चौकटीला टेकत म्हणाला. "साहेब दोन प्रश्न विचारतील, की तुम्ही मोकळे."

कशाबद्दल, ते मिस्त्रींनी विचारलं नाही. तीन दिवसांपूर्वी एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिका लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकत असताना लिफ्ट दोन हात खाली घसरली होती. बाईंच्या पायाची दोन ठिकाणी हाडं मोडली. त्याच सकाळी त्या लिफ्टला शेवटचा हात मिस्त्रींचा लागला होता. तेव्हापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दिवसा मात्र कंपनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पळवत होतीच. त्यांनी हात पुसले, तेलाच्या डब्याला झाकण लावलं आणि निघाले. चष्मा हत्यारांच्या पिशवीत असेल असं त्यांना वाटलं होतं. तो घरीच राहिला होता.

ठाण्यातली खोली लहान होती. खिडकीबाहेर जप्त केलेल्या गाड्या धूळ खात उभ्या. टेबलामागे साहेब, बाजूला कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करणारा तोच हवालदार. साहेब काही आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्याचेही डोळे लाल होते आणि बोलता बोलता तो जांभई दाबत होता.

"किती वर्षं झाली या धंद्यात?"

"सव्वीस."

"म्हणजे बरेच चढउतार पाहिले असतील," हवालदार म्हणाला आणि स्वतःच हसला. मिस्त्रीही सवयीने हसले. हा विनोद त्यांनी सव्वीस वर्षांत किती वेळा ऐकला असेल याला गणती नव्हती.

पाच मिनिटांचे तीन तास झाले. तेच ते प्रश्न फिरून फिरून येत होते. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला पकड देणारे पट्टे, झिजले होते का? होते. तुम्हाला माहीत होतं? होतं. तरी लिफ्ट चालू केली? केली. का केली? इथे मिस्त्री अडखळत. खरं उत्तर लांबलचक होतं. लायनर बदला म्हणून त्यांनी दोनदा इमारतीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, सुपरवायझरला तोंडीही सांगितलं होतं. "माल आला की बदलू, तोवर ब्रेक आवळून चालू ठेव, रहिवासी डोकं खातायत," असं सुपरवायझर म्हणाला होता. हे सगळं त्यांनी पहिल्या तासात नीट सांगितलं. दुसऱ्या तासात निम्मंच सांगितलं. तिसऱ्या तासाला ते नुसतंच म्हणाले, "केली चालू. काय करणार?"

हवालदाराची दोन बोटं चालत राहिली.

"तुमच्या सुपरवायझरने सकाळीच येऊन जबाब दिलाय," साहेब म्हणाला. "तुम्ही बोलताय तेही जवळपास तेच आहे. सही करा आणि घरी जाऊन झोपा. तुम्हाला बघूनच मला झोप येतेय."

झोप हा शब्द ऐकला आणि मिस्त्रींचे खांदे आपोआप सैल झाले. जे व्हायचं ते होवो, पण आधी अंथरुणाला पाठ टेकू दे, एवढंच त्यांच्या मनात उरलं होतं. समोर कागद आला. अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती.

"चष्मा नाही माझ्याकडे."

"मी वाचून दाखवतो की," हवालदार म्हणाला आणि आगगाडीच्या वेगाने वाचून मोकळा झाला. मिस्त्रींनी पेन हातात घेतलं. पण इतकी वर्षं त्यांनी एक सवय सोडली नव्हती. दुसऱ्याने तपासलेल्या तारेला ते स्वतः तपासल्याशिवाय हात लावत नसत. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "बायकोला फोन करतो. चष्मा आणून देईल. अर्धा तास."

साहेबाने सुस्कारा सोडला, पण नाही म्हणाला नाही.

बायको शिवणकामाच्या कारखान्यात होती. सुट्टी टाकून, घरी जाऊन ती चष्मा घेऊन आली तेव्हा तिला बाहेरच्या बाकड्यापुढे येऊ दिलं नाही. चष्मा हवालदाराच्या हाती देताना ती अख्ख्या ठाण्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "अहो, ऐकताय ना? वाचल्याशिवाय सही नको! दादाचं काय झालं ते आठवा!"

तिच्या दादाने, म्हणजे मिस्त्रींच्या मेहुण्याने, गोदामातल्या चोरीच्या चौकशीत एका कागदावर न वाचता सही केली होती. आई घरी आजारी होती, त्याला लवकर परतायचं होतं. चौदा महिने तो आत राहिला. सुटून आला तेव्हा आई नव्हती. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे. आज ती चारचौघांत बोलली होती.

मिस्त्रींनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिलं पान बरोबर होतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं. 'ब्रेकचे लायनर झिजल्याचे मला माहीत असूनही, कोणालाही न सांगता मी लिफ्ट चालू केली.'

"हे तीन शब्द माझे नाहीत."

"कुठले?"

"कोणालाही न सांगता. मी सांगितलं होतं. दोनदा लिहून, एकदा तोंडी."

"अहो, ते भाषेचं आहे," हवालदार म्हणाला. "वाक्य पुरं व्हायला लागतं."

"वाक्य तुमचं पुरं होतंय, माझा निकाल लागतोय," मिस्त्री म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात जोर नव्हता. "सही करणार नाही मी. मला वकील पाहिजे."

साहेब पुढे झुकला. "वकील कशाला? ज्याला काही लपवायचं असतं तो वकील मागतो. सरळ माणूस आहात तुम्ही."

मिस्त्रींना हे बोलणं लागलं. सरळ माणूस म्हणून आयुष्य काढलं, आता वकील मागितला तर आपण वाकडे ठरणार, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं. क्षमा मागून कागद पुढे ओढावा असंही वाटलं. मग ते म्हणाले, "लपवायचं काही नाही, साहेब. पण मी दमलोय. दमलेला माणूस कशालाही हो म्हणतो. एवढा वेळ तेच करत होतो. आता वकील येईपर्यंत मी काही बोलणार नाही."

आणि ते खरंच बोलले नाहीत. हे सोपं नव्हतं. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. साहेबाने बाईंची प्रकृती सांगितली, पायात सळई घातली म्हणाला. "फार वाईट झालं, चूक माझीच," असं तोंडातून निघू पाहत होतं. त्यांनी टेबलाच्या कडेवर नजर खिळवली आणि ओठ मिटून ठेवले.

ठाण्यातून निरोप गेल्यावर मोफत कायदा मदत केंद्रातून वकीलबाई आल्या तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. पडशाने त्यांचं नाक लाल झालं होतं आणि हातात रुमाल होता. त्यांनी आधी मिस्त्रींशी एकट्याने बोलायला खोली मागून घेतली. मिस्त्रींनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पण बटण मीच दाबलं, बाई. ते खोटं नाही."

"ते कोर्ट विचारेल तेव्हा सांगा. झोप झालेली असताना, पुढचंमागचं सगळं जोडून सांगा," त्या नाक पुसत म्हणाल्या. "आज फक्त एक सांगा. ते रजिस्टर कुठे आहे?"

"इमारतीच्या पहारेकऱ्याच्या टेबलात."

वकीलबाईंनी तिथेच बसून अर्ज लिहिला. जबाब अमान्य, अशील पुढची उत्तरं लेखी देईल, आणि रजिस्टर आजच्या आज ताब्यात घ्यावं. साहेबाने अर्ज दोनदा वाचला. पेन टेबलावर आपटलं. मग हवालदाराला म्हणाला, "गाडी काढ. रजिस्टर मी स्वतः घेऊन येतो." मिस्त्रींकडे न बघता पुढे म्हणाला, "तुम्ही जा."

बाहेर बायको बाकड्यावर बसल्या बसल्या पेंगत होती. दोघं घरापर्यंत चालत गेली. घरी पोचल्यावर मिस्त्री कपडे न बदलताच झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले.

रजिस्टर साहेबाच्या हाती वेळेत लागलं. कंपनीचा माणूस ते मागायला दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गेला, असं पहारेकऱ्याने नंतर सांगितलं. त्यात मिस्त्रींच्या हाताने लिहिलेल्या दोन्ही नोंदी होत्या आणि दोन्हींखाली सुपरवायझरची सही होती. खटला कंपनीच्या मॅनेजरवर आणि सुपरवायझरवर उभा राहिला. मिस्त्री साक्षीदार झाले. अर्थात कंपनीने त्यांना आठवड्याभरातच घरी बसवलं होतं. त्यांनी मग दुकानांची शटर दुरुस्त करायचं काम धरलं. जिने चढावे लागत नाहीत एवढंच त्यातलं सुख.

या सगळ्यात एकच गोष्ट त्यांना आतून कुरतडत राहिली. शिक्षिकाबाईंना जाऊन भेटावं, असं अपघाताच्या दिवसापासून त्यांच्या मनात होतं. वकीलबाईंनी साफ मनाई केली होती. "तुम्ही माफी मागाल आणि ती कोर्टात कबुली म्हणून वाचली जाईल," त्या म्हणाल्या होत्या. मिस्त्रींनी ऐकलं. अकरा महिने ऐकलं. या अकरा महिन्यांत ते दोनदा बाईंवर उपचार चालू होते त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

साक्षीच्या दिवशी त्यांनी कोर्टात सगळं सांगितलं, बटणासकट. साक्ष संपली, वकीलबाईंनी 'आता जा' म्हणून मान डोलावली, आणि मिस्त्री तसेच शिक्षिकाबाईंच्या घरी गेले. बाई आता बहिणीकडे तळमजल्यावर राहत होत्या. दार त्यांनीच उघडलं, काठीचा आधार घेत. आपण कोण, हे मिस्त्रींना सांगावं लागलं नाही. बाई सकाळी कोर्टात मागच्या बाकावर होत्या.

"अकरा महिने," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कुणालाच काही वाटलं नाही."

"वाटत होतं, बाई. बोलायची मनाई होती."

"आणि माझ्या वकिलाने मला सांगितलं होतं, तुमच्यापैकी कोणी आलं तर दार उघडू नका."

इतके दिवस मनात घोळवलेली वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली. "चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले. "चालू करायला नको होती."

"नकोच होती," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही कोर्टात तसं म्हणालात, ते बरं केलंत. राग मात्र गेलेला नाही माझा. शाळेत माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. रोज चढते. रोज आठवता तुम्ही."

"हो," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी दार लावून घेतलं नाही, आत या असंही म्हटलं नाही. मिस्त्री नमस्कार करून दारापुढच्या दोन पायऱ्या उतरले. त्यांना हलकं वाटत नव्हतं. पण बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, त्यांच्याच शब्दांत, आणि त्यात कोणी काही घातलं नव्हतं. पाय दुखत होते. संध्याकाळी एका दुकानदाराचं अडकलेलं शटर बघायला जायचं होतं. त्याआधी घरी जाऊन तासभर पडावं, असा विचार करत ते चालू लागले.