अकरा काने

आत्यांनी पिशवीतून तो कागद पोटच्या पोरासारखा दोन्ही हातांनी काढला. "जपून गं. बाबांच्या हातचा आहे."

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. त्यांचे वडील पाळक होते. बायको तापाने गेली त्याच दिवशी त्यांनी हे गीत लिहिलं, असं सगळी मंडळी सांगते. आजही प्रत्येक अंत्यविधीला ते म्हटलं जातं. रविवारी चर्चच्या भिंतीवर गीतकार म्हणून पाळकांच्या नावाची शिळा बसणार होती. पण समितीतल्या एकाने शंका काढली होती, की गीत दुसऱ्याच कुणाचं असावं.

"त्याचं तोंड बंद कर एकदाचं," आत्या म्हणाल्या. "स्वतःला धड 'आमेन' सुरात म्हणता येत नाही, आणि निघालाय बाबांना चोर ठरवायला!"

जुने कागद तपासणं हे माझं ग्रंथालयाच्या प्रयोगशाळेतलं काम. साध्या उजेडात शाई सगळीकडे सारखीच काळपट दिसत होती. इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली मात्र लोहाची शाई दिसेनाशी होते आणि काजळीची काळीच राहते. मी कागद कॅमेऱ्याखाली सरकवला.

पडद्यावरून गीत नाहीसं झालं. उरल्या फक्त अकरा उभ्या रेघा, एकमेकींपासून दूर, खिडकीच्या गजांसारख्या.

"हे काय गं?"

"काने."

मी कागदाशी ताडून पाहिलं. प्रत्येक रेघ एखाद्या क्रियापदाच्या शेवटी होती. 'बसलो'. 'थकलो'. बोटाने काना झाकला, की 'बसले'. 'थकले'.

"आत्या, हे काने मागून दिलेत, वेगळ्या शाईने. लिहिणारी बाई होती."

"काहीतरीच! आईला कुठे लिहिता येत होतं?"

"कोण म्हणालं तसं?"

त्या चष्मा पुसून कागदावर वाकल्या आणि तिसरं कडवं सूर न लावता, काने वगळून वाचू लागल्या.

"ताप उतरला, उठून बसले,
कडी बाहेरची, काढ रे देवा.
हाका मारून मारून थकले..."

प्रवचनात या कडव्याचा अर्थ ठरलेला होता. ताप म्हणजे संसाराचा ताप, कडी म्हणजे स्वर्गाच्या दाराची. काने होते तोवर मीही तेच समजत होते. आता ताप म्हणजे नुसता ताप होता, आणि तो उतरला होता.

आत्यांचं बोट 'कडी' या शब्दावर थांबलं होतं.

"रिपोर्टमध्ये काय लिहिशील?"

"दिसलं ते. पण तुम्ही नको म्हणालात तर कागद परत नेऊ शकता. तपासणी तुम्हीच सांगितली होती."

"लिही. शिळा थांबवायला मी सांगते." त्यांनी चष्मा काढला. "खोलीची कडी वरच्या बाजूला होती. माझा हात पोचत नव्हता. सहा वर्षांची होते मी. बाबांनी मला कडेवर घेतलं. म्हणाले, आईला झोपू दे, तू लाव बघू." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "घट्ट होती गं. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लागली, तेव्हा म्हणाले, शाब्बास."