भिंगबाईंचं ‘आहेत’

“आहेत का?” डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं.

भिंगबाईंनी काच तिरकी धरली. सुईतून काढलेले थेंब काचेवरून ओघळून गेले आणि मागे काही उरलं नाही. हाडातला मगज नीट आला असेल तर बारीक वाळूसारखे कण मागे राहतात. ते आहेत की नाहीत एवढं एका शब्दात सांगायचं, ही बाईंची बावीस वर्षांची नोकरी. अर्धं आयुष्य भिंगाला डोळा लावून गेलेलं, म्हणून लॅबमध्ये त्यांचं नावच भिंगबाई पडलं होतं. त्या ‘नाहीत’ म्हणाल्या की पेशंटच्या कमरेच्या हाडात सुई पुन्हा जायची. पुन्हाही कण आले नाहीत तर जाड सुईने हाडाचा तुकडाच काढायला लागायचा.

आज टेबलावर कुशीवर पडलेला पेशंट म्हणजे बाईंचा सख्खा दादा. आज दुसऱ्या कुणाला पाठवा, असं डॉक्टरांनी आधीच सुचवून पाहिलं होतं. पण बाई ऐकतील तर शपथ!

दादा वायरमन. सुई आत जाताना तो म्हणाला होता, की चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना भोकं पाडली, शेवटी भिंतींनी डाव साधला. पण सुईला लावलेल्या पिचकारीची ओढ बसली आणि त्याची थट्टा जागच्या जागी विरली. भूल वरवर लागते, आतल्या ओढीला ती पुरत नाही. त्याने टेबलाची कड आवळून धरली. बाईंनी त्याची पांढरी पडलेली बोटं पाहिली.

“आहेत,” त्या म्हणाल्या.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. सुई निघाली, पट्टी लागली, डॉक्टर हात धुवायला गेले. दादाने हुश्श केलं. बाई काचा घेऊन लॅबमध्ये आल्या आणि तिथे मात्र त्यांची पाचावर धारण बसली.

अठ्ठावीस दिवसांपूर्वी बाईंच्याच मगजातल्या पेशी काढून दादाच्या शिरेतून सोडल्या होत्या. त्याचं रक्ताचं जुनं दुखणं औषधांनी मारून टाकलं होतं, आणि आता रक्त बनवायचं काम या पेशींनी हाती घ्यायचं होतं. तीनेक आठवड्यांत पांढऱ्या पेशी दिसायला हव्या होत्या. बाई रोज सकाळी रिपोर्ट उघडायच्या, पण त्या अजून दिसत नव्हत्या. साधी सर्दी झाली तरी दादा हातचा जाईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आईवडिलांच्या मागे त्यानेच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. आणि दोष आपलाच, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पेशी त्या, त्यांच्यात कसला आलाय जोम!

डॉक्टरांनी दोनदा समजावलं होतं. पेशी रक्तातून फिरत फिरत आपोआप हाडात पोचतात, पण तिथे त्यांना चांगला शेजार लागतो. धरून ठेवणारा, खाऊ घालणारा, दमल्या तर निजवणारा आणि गरज पडली की उठवणारा. तो शेजारच बिघडला असेल, तर पेशी कितीही चांगल्या असोत, त्या टिकत नाहीत. बाईंना हे पटायचं, पण घरी पोचेपर्यंतच.

अर्ध्या तासाने रंगवलेली काच त्यांनी भिंगाखाली घेतली. नुसतं रक्त होतं. मगजाचा मागमूसही नव्हता. या काचेवरून कसलाच निकाल निघणार नव्हता, आणि तो निघण्याची वाट बघत डॉक्टर जुनंच औषध चालू ठेवणार होते. दादाची एक कळ वाचवायला आपण त्याचे मोलाचे दिवस घालवले असते, हे बाईंच्या लक्षात आलं. त्या उठल्या त्या थेट डॉक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“कण नव्हते,” त्या म्हणाल्या. “मी खोटं बोलले.”

डॉक्टर वयाने लहान. ते ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, ‘नाहीत’ हेही उत्तरच असतं. मला तेच हवं होतं.”

दादाला पुन्हा टेबलावर घेतलं. का, हे बाईंनीच त्याला सांगितलं, काही न लपवता. तो एवढंच म्हणाला, की लहानपणापासून तुला खोटं बोलायचा सराव नाही, मग आता कशाला हौस केलीस.

सुई गेली. डॉक्टरांनी विचारलं. “नाहीत,” बाई म्हणाल्या. जागा थोडी बदलून सुई पुन्हा गेली, दादाच्या घशातून आवाज फुटला, आणि बाई पुन्हा म्हणाल्या, “नाहीत.” मग जाड सुई आली. काडीएवढा तुकडा निघाला. बाईंनी तो स्वतःच्या हाताने बाटलीत सोडला आणि चिठ्ठीवर दादाचं नाव लिहिलं.

डॉक्टरांनी दोघांदेखत सांगितलं. सुईला मगज येत नाही, म्हणजे आत तंतूंचं जाळं झालेलं दिसतंय, तुकडा तपासल्यावर पक्कं कळेल. पेशी पोचल्यात, त्यांना बसायला ठिकाण मिळत नाहीये. औषध बदलून बघू, कदाचित पेशी पुन्हा द्याव्या लागतील. लागू पडेलच अशी खात्री मी देत नाही. एवढं बोलून ते गेले.

दादा कमरेखाली कापडाची घट्ट गुंडाळी घेऊन उताणा पडला होता. तासभर हलायचं नाही अशी ताकीद होती. टेबलाजवळ उभ्या उभ्याच बाईंना रडू फुटलं.

“माझ्याच पेशी कमी पडल्या रे दादा.”

“वेडी का खुळी तू? ऐकलं नाहीस ते काय म्हणाले? तू पोचलीस. पार दारापर्यंत आलीस.” त्याला दम लागला. “मलाच तुला आत घेता येईना.”

दादाने त्यांच्याकडे बघितलं. मग एक हात भिंतीला लावून, ओठ आवळून, दुखरी बाजू कशीबशी उचलत तो इंच इंच पलीकडे सरकला आणि त्या अरुंद टेबलावर बाईंना बसण्यापुरती जागा करून दिली.