एनडोलाचा कारभार

मुटिंटा हामूंगा लुसाकातल्या एका बस कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. साऱ्या देशातली तिकिटं तिच्या सर्व्हरच्या खोलीतल्या व्हर्च्युअल मशीनांवर, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या संगणकांवर, निघायची. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत तिनं शहर म्हणून सोडलं नव्हतं. नात्यातली लग्नं झाली, बारशी झाली, बाई आपली त्या खोलीला चिकटलेली.

धाकट्या बहिणीचं, चूल्वेचं लग्न ठरलं, तेव्हा मात्र चूल्वेनं फोनवर ठणकावलं, "लग्नाआधी बायकांची किचन पार्टी असते, माझ्या त्या पार्टीला आली नाहीस, तर मला बहीण नाही असं समजेन."

मग मुटिंटानं दूरच्या एनडोला शहरातल्या कचेरीतल्या सिटालीला हाताशी धरलं. लुसाकातल्या प्रत्येक मशीनची नक्कल एनडोलाला तयार ठेवायची आणि दर काही मिनिटांनी तिच्यात ताजी माहिती भरत राहायची. इकडे काही बिघडलंच, तर तिकडची मशीनं उठून काम उचलतील. सिटाली मासेमारी करणाऱ्या लोझी जमातीचा, ही गुरं राखणाऱ्या टोंगांची. दोन्ही जमातींत थट्टेचं नातं, त्यामुळे कामाइतकीच टोमण्यांची देवाणघेवाण चालायची.

रविवारी सकाळी त्यांनी रंगीत तालीम केली. एनडोलाची मशीनं उठली खरी, पण तिकिटांचं मशीन आधी जागं झालं आणि त्याला माहिती पुरवणारं मशीन मागून. तिकीटघरांच्या पडद्यांवर नुसत्या चुका.

"नवरदेव मांडवात आणि नवरी अजून आंघोळीला!" सिटाली फोनवर हसला.

मुटिंटानं कपाळाला हात लावला. उठण्याचा क्रम तिनंच घाईत उलटा लिहिला होता. तो सुधारून पुन्हा तालीम घेतली, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. मग वादाचा मुद्दा एकच उरला.

"काम एनडोलाला हलवण्याआधी मला विचारायचं," ती म्हणाली.

"आणि तुझा फोन लागला नाही तर? प्रवासी काय तुझी वाट बघत उभे राहतील? तुम्हा टोंगा लोकांचा गाईखेरीज कुणावर विश्वासच नाही!"

"आमची गाय निदान दूध तरी देते. तुमचा मासा हातातून निसटतो."

"मग मासेवाल्याच्या हातात चावी दे की."

 शेवटी ती म्हणाली, "बरं. ड्यूटीवर असेल त्यानं ठरवायचं. मला नंतर कळवलंस तरी चालेल." आणि तिनं पासवर्ड त्याला लिहून पाठवला.

किचन पार्टीच्या शनिवारी मोन्झेतल्या घरचं अंगण बायकांनी भरून गेलं होतं. ढोल घुमत होते, चितेंगेचं रंगीत कापड डोक्यावरून पांघरलेली चूल्वे चटईवर मान खाली घालून बसली होती. दुपारी लुसाकाहून आत्या आली, घामाघूम.

"उशीर का गं आत्या?"

"तिकीटघर बंद पडलं होतं! कुठल्याशा इमारतीत वायर जळली म्हणे. बायका नुसत्या कलकलाट करत होत्या. मग आपोआप सुरू झालं. माझी जागासुद्धा तीच राहिली, खिडकीजवळची."

मुटिंटा धावत घराच्या मागे गेली. तिनं पर्समधून फोन काढला. फोनवर सिटालीचा एकच निरोप होता: 'लुसाकात धूर, खोली बंद केली. सगळं इकडे आणलंय. कुणालाही इजा नाही. तू नाच.'

तिनं लगेच फोन लावला. "क्रम नीट लागला ना?"

"लागला. नवरी आधी आली," सिटाली म्हणाला. "आता ठेव फोन. ढोल ऐकू येतायत मला."

परत जाणाऱ्या गाडीची वेळ विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि फोन बंद केला. आपल्यावाचून सगळं चाललं, याचं क्षणभर वाईटही वाटलं; मग तेही ओसरलं. अंगणातून मोठी मावशी ओरडत होती, "कुठं गेली ही? नवरीच्या बहिणीशिवाय रिंगण अर्धं राहिलंय!"

फोन पर्समध्ये टाकून मुटिंटा रिंगणात शिरली. चितेंगेच्या आतून चूल्वेनं तिच्या पायाला चिमटा काढला, आणि त्या बायकांच्या गलक्यात मुटिंटाचं हसणं सर्वांत मोठं होतं.